भोसरीत वर्षभर अप्रेंटिस: पाचपैकी साडेतीन स्टार

साडेतीन स्टार. त्यातले दोन काकांचे, एक कँटीनच्या बुधवारच्या मिसळीचा आणि उरलेला अर्धा माझा मला. कापलेल्या दीड स्टारचा हिशेब पुढे येईलच.

कंपनीचं नाव लिहीत नाही. भोसरी एमआयडीसीत अशी शेड गल्लीगणिक सापडते: अडीचशे-तीनशे माणसं, अ‍ॅल्युमिनियमच्या हाउसिंगचं (आत बेअरिंग बसतं त्या कवचांचं) मशीनिंग, गेटवर नेहमी एक टेम्पो आणि त्याच्याशी वाद घालणारा सिक्युरिटीवाला. तुम्ही जॉइन व्हाल ती कंपनी हीच नसेल, पण हिची चुलत बहीण नक्की असेल. मी करमाळा तालुक्यातली, डिप्लोमा मेकॅनिकल. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, त्यामुळे ग्रीस आणि शिव्या या दोन्हींची सवय घरूनच. ऑगस्ट २०२४ ला आत गेले, पुढच्या ऑगस्टला सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडले.

आधी पैशांचं बोलू, घरचे पहिलं तेच विचारतात. १९६१ चा अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट आहे, १९७३ च्या दुरुस्तीत आम्ही डिग्री-डिप्लोमावाले त्यात आलो. मी जॉइन झाले तेव्हा डिप्लोमाला महिना किमान ८,००० आणि डिग्रीला ९,००० असा नियम होता, २०१९ पासूनचा. या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. आमची कंपनी एकूण १२,००० द्यायची. वडिलांना फोनवर आकडा सांगितला तर म्हणाले, "आपल्याकडचा पोऱ्या याच्यापेक्षा जास्त घेतो, वर दुपारी झोपतो." इंद्रायणीनगरला चौघींच्या खोलीत कॉट ३,२००, मेस २,९००, पावसाळ्यात शेअर रिक्षा, एरवी पंचवीस मिनिटं पायी. गावी जायला एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार. पीएफ कापत नाहीत, कारण अप्रेंटिस कायद्यानं कामगार नसतोच, शिकाऊ असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कंपनी ते सोयीनं आठवते आणि सोयीनं विसरते.

सुट्टी गुरुवारी. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना विजेचा भार वाटून घेण्यासाठी हा वार कधीतरी पडला तो पडलाच. खोलीतल्या दोघी हिंजवडीला आयटीत होत्या, त्यांचा शनिवार-रविवार. वर्षभरात आम्ही चौघी एकत्र जेवलो ते दिवाळीचे दोन दिवस आणि एक पाण्याचा टँकर आला नव्हता तो दिवस.

पहिल्या दिवशी एचआरच्या मॅडमनी आम्हा नऊ जणांना उभं केलं. सात मुलगे, दोन मुली. मुलगे मशीन शॉपला गेले, आम्ही दोघी क्वालिटीला. कुणाला काही विचारलं नाही. "तिकडे एसी आहे गं," मॅडम म्हणाल्या, आणि चांगल्या मनानंच म्हणाल्या. एसी खरंच होता. पण स्टँडर्ड रूममधला, म्हणजे मापं घ्यायच्या खोलीतला, एसी माणसांसाठी नसतो, मापासाठी असतो. लांबीचं कुठलंही माप जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात, म्हणून त्या खोलीत भिंतीवर लाल आकड्यांत २०.० झळकत असतं आणि तो आकडा हलला की इनचार्ज माणसांपेक्षा आधी दार बघतो.

त्या आकड्याखाली बसून मी तीन महिने चेकशीट भरली. डिस्पॅचच्या आधीचे रिपोर्ट भरले, एक्सेल भरलं, फाइलींना कडेला रंगीत पट्ट्या लावल्या. ऑडिट जवळ आलं तेव्हा एका सरांनी मागच्या महिन्याची कोरी शीट आणि तीन वेगवेगळी पेनं आणून दिली. तीन शिफ्टची तीन पेनं. ही माझी कॉलेजबाहेरची पहिली प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि मी ती लाजिरवाण्या सफाईनं पास झाले. अर्धा स्टार इथे गेला. बरोबरच्या मुलीला ते काम मानवलं, ती आता एका मोठ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीला आहे आणि माझ्यापेक्षा जास्त कमावते, हेही लिहिलं पाहिजे.

मशीनवर कशी गेले ते सांगते, कारण ट्रेनिंग प्लॅनमध्ये असं काही नव्हतं. म्हणजे प्लॅन होता. एक वर्षाचा, सहा डिपार्टमेंटचा, सुबक. त्यावर सही घेऊन तो कपाटात ठेवला होता. बुधवारी सेकंड शिफ्टला सगळी मशीनं बंद करून साफसफाई चालायची, गुरुवार बंद म्हणून. एका बुधवारी कूलंटची, म्हणजे धातू कापताना सोडतात त्या थंडाव्याच्या पाण्याची, टाकी उपसायला माणूस कमी पडला. ज्यांनी ती कधी उघडली नाही त्यांना सांगते: वर तरंगणारं तेल, खाली बारीक चिपचा (धातूच्या किसाचा) गाळ, आणि वास असा की वडा सांबार खाल्लेला माणूस उपाशी होतो. मी सँडल काढून गमबूट घातले आणि उतरले. व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या) सेक्शनचे एक काका बाजूला चहा पीत उभे होते. ते काही बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी एचआरमधून निरोप आला की मला तिकडे पाठवा म्हणतायत.

काका अठ्ठावन्नाचे. टेल्कोचे जुने अप्रेंटिस. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली तरी ते टेल्कोच म्हणतात, आणि त्यांच्या पिढीचे भोसरी-निगडीतले सगळेच तसं म्हणतात. "आम्हाला महिनोन् महिने नुसती कानस घासायला लावली," हे वाक्य आठवड्यातून दोनदा यायचं. त्यांनी मला कानस दिली नाही, कापड दिलं. पंधरा दिवस फक्त फिक्स्चर पुसायचं, म्हणजे मशीनवर जॉब (कापायचा तुकडा) पकडून ठेवतं ते. "जॉब जिथे टेकतो तिथे एक चिप राहिली तर पुढचं सगळं गणित खोटं. तू पुस." हातातल्या बांगड्या पहिल्याच दिवशी गेल्या, दुसऱ्या दिवशी मनगटावरचा देवाचा दोरा गेला. वेणी टोपीत. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे अजिबात नाहीत, हे मला उलटं वाटलं होतं, पण मोजा अडकला की तो एकटा जात नाही, हात घेऊन जातो.

शॉपवर भाषा हिंदी. ऑपरेटर बहुतेक बिहार, ओडिशा, थोडे नांदेड-लातूरचे. ज्या भैयानं मला टूल बदलायला शिकवलं तो बारावीपर्यंत शिकलेला आणि मला मॅडमजी म्हणणारा. इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) संपत आला हे तो आवाजावरून ओळखायचा. मी डिप्लोमाला कटिंग फोर्सची डेरिव्हेशन लिहिली होती. आवाज लिहिला नव्हता.

आता तो जानेवारीचा दिवस.

फर्स्ट शिफ्ट, सातची. भोसरीत जानेवारीत सकाळी पत्र्याची शेड म्हणजे फ्रिज. आमच्या हाउसिंगला एक बेअरिंगचा बोअर (गोल भोक) होता, ५० एच७. म्हणजे व्यास ५० मिलिमीटर, खाली शून्य, वर २५ मायक्रॉनपर्यंत चालेल. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तेव्हा ही सगळी मुभा माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा बरीच कमी. बोअर फाइन बोरिंग बारनं होतो. त्या बारवर बारीक डायल असते, एक घर फिरवलं की व्यास दहा मायक्रॉननं बदलतो. मशीन झालेला जॉब वॉशिंग मशीनमधून जातो, गरम पाण्यातून, मग एअर मारून रॅकवर. रॅकवर पंधरा-वीस मिनिटं पडला की मोजायचा. ही पंधरा-वीस मिनिटं कुठल्याच कागदावर लिहिलेली नव्हती. रॅक लांब होता, म्हणून ती आपोआप मिळायची.

त्या दिवशी गाडी गेटवर उभी, माल अर्जंट, रॅक आधीच भरलेला. काका वरच्या मीटिंगला गेलेले. भैया लोडिंगला, मोजायला मी. जॉब वॉशिंगमधून थेट माझ्या टेबलावर. आणि खरं सांगू, मला ते आवडत होतं. त्या थंडीत कोमट अ‍ॅल्युमिनियम दोन्ही हातांत धरायला इतकं बरं वाटायचं की मी प्रत्येक जॉब गरजेपेक्षा चार सेकंद जास्त धरत होते.

डायल बोअर गेज, म्हणजे बोअर मोजायचं सुईचं घड्याळ, मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या नमुन्याच्या कड्यावर) शून्याला लावला. बोअरमध्ये घालून डोलवला. सुई ज्या जागेवरून उलटी फिरते ते माप. शून्याच्या वर २८ मायक्रॉन. पुन्हा घेतलं. २८. दुसरा जॉब, २७. लिमिट २५, म्हणजे बोअर मोठा चाललाय. छाती धडधडली, पण हात स्थिर होते, कारण मला वाटलं हाच तो क्षण ज्यासाठी आपण टाकीत उतरलो. भैयाला मशीन थांबवायला सांगितलं. बार काढला, डायल आधी बरीच मागे नेली, मग पुढे येत दीड घर कमीवर थांबवली (आटे ढिले असतात, सरळ मागे येऊन थांबलं तर माप धरत नाही, हे काकांनीच शिकवलेलं). पुढचा जॉब वॉशिंगमधून आला, वर १३. पंचवीसच्या बरोबर मध्ये. मी शीटवर १३ लिहिलं ते जरा ठळकच लिहिलं.

दहाला शॉपवर फिरून जॉब तपासणारा पॅट्रोल इन्स्पेक्शनवाला आला. त्यानं रॅकवरचे, गार झालेले जॉब उचलले. वजा दहा. वजा नऊ. वजा अकरा. सव्वीस जॉब, सगळे लहान.

काका खाली आले. ओरडतील म्हणून मी उभी होते. त्यांनी वॉशिंगच्या तोंडातून नुकताच आलेला जॉब उचलला आणि माझ्या हातात दिला. "गालाला लाव."

लावला.

"आता ती रिंग लाव."

रिंग बर्फ होती.

"अंघोळ करून आलेला जॉब आणि रात्रभर कुडकुडलेली रिंग. दोघांचं जमेल का? अ‍ॅल्युमिनियमला राग लवकर येतो पोरी, आणि लवकर उतरतो. उतरेपर्यंत त्याच्याशी बोलू नये."

मग खडूनं टेबलावर गणित मांडलं. एक मीटर अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. लोखंड त्याच्या निम्मं. आपला बोअर ५० मिलिमीटर, म्हणजे मीटरचा विसावा भाग. जॉब शेडपेक्षा साधारण वीस अंशांनी गरम. विसानं भाग, विसानं गुण, राहिले २३ चे २३. म्हणजे मला दिसलेले २८ खरे पाचच होते. चांगला चाललेला बोअर मी बिघडवला होता. तीन महिने २०.० च्या आकड्याखाली बसून, रोज त्या आकड्याची नोंद करून!

"बोअर लहान झाला म्हणून वाचलीस," काका म्हणाले. "कापायला अजून धातू आहे. मोठा झाला असता तर काय भरणार होतीस, भाकरीचं पीठ?" नवा इन्सर्ट लावून त्यांनी स्वतः रीवर्क केलं. इतका पातळ कट घेताना टूल कापायच्या ऐवजी घासतं, म्हणून एकेक जॉब बसवून, सावकाश. बावीस वाचले, चार लाल पेटीत गेले. माझं जेवण त्या दिवशी झालं नाही, काकांचंही नाही. रिजेक्शनच्या फॉर्मवर सुपरवायझरनी कारणात 'अप्रेंटिसची चूक' लिहिलं होतं. काकांनी ते खोडून 'जॉब गरम मोजला, सूचना लिहिलेली नाही' असं लिहिलं आणि खाली सही केली. दुसऱ्या आठवड्यात वॉशिंगजवळ हिंदी-मराठीत बोर्ड लागला: धुतल्यावर २० मिनिटांनी मोजा. तो बोर्ड माझा आहे असं मी मनात धरते. सुरुवातीच्या हिशेबातला माझा अर्धा स्टार तो.

हे सगळं झालं त्याला एक काळी बाजू आहे आणि रिव्ह्यू म्हणून ती सांगायला हवी. त्या सकाळी मी तिथे एकटी मोजायला असायलाच नको होते. शिकाऊ माणसाच्या मापावर गाडी सुटणार होती. मार्चमध्ये तर, वर्षअखेरीच्या घाईत, आमच्यातले तीन मुलगे सरळ ऑपरेटर म्हणून मशीनवर उभे होते, बारा-बारा तास. अप्रेंटिसला परवानगीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही असा नियम आहे. तो मी एकदा बोलून दाखवला, तेव्हा "तू कायद्याचं शिकतेस की मशीनचं?" असं उत्तर मिळालं. अर्धा स्टार.

आणखी अर्धा टॉयलेटचा. शॉपवर लेडीज टॉयलेट नव्हतं, ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये होतं, जाऊन-येऊन अकरा मिनिटं. मी मोजली होती, गार असताना. म्हणून मी सकाळी पाणीच प्यायचे नाही, आणि उन्हाळ्यात त्याचे परिणाम भोगले. याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

कँटीन चांगलं. मिसळ बुधवारी, रस्सा खरोखर तिखट, पाव दोन आणि तिसरा मागितला तर तोंड वाकडं न करता. दसऱ्याला खंडेनवमीची पूजा मोठी होते. मशीनला हार, व्हर्नियर-मायक्रोमीटर पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू. काका सगळं भक्तिभावानं करायचे, फक्त मशीनच्या बेडवर नारळ फोडू द्यायचे नाहीत. "देवाला चालतं, स्लाइडला चालत नाही." नारळ उंबऱ्यावर. त्या दिवशी मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतलेलं माझं स्वतःचं व्हर्नियर पूजेत ठेवलं होतं, सगळ्या महागड्या जपानी मिटुटोयोंच्या रांगेत शेवटचं. काकांनी त्याला जरा जास्तच कुंकू लावलं. स्वस्ताचं आहे, याला देवाची गरज जास्त, म्हणाले.

कुणी विचारतं, जॉइन होताना काय बघू? स्टायपेंड बघाच, पण करार अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर नोंदला गेलाय का ते स्वतः लॉगिन करून बघा. नुसतं 'ट्रेनी' म्हणून कार्ड दिलं आणि करार नाही, तर वर्षाच्या शेवटी सर्टिफिकेट नाही. तीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, तेव्हा तुम्हाला घेऊन कुणी उपकार करत नाही. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कंपनीची, तुम्ही कामगार नसलात तरी. नोकरी द्यायलाच हवी असं मात्र कायदा म्हणत नाही. आमच्या नऊपैकी दोघांना ठेवलं, मी त्यात नव्हते. आणि मुलाखतीत ते 'काही प्रश्न?' म्हणतात तेव्हा विचारा, मला कोणत्या मशीनवर, कुणाच्या हाताखाली ठेवणार. उत्तरात माणसाचं नाव आलं तर बरं. डिपार्टमेंटचं नाव आलं तर गमबूट तयार ठेवा.

मी आता चाकणला एका टूल रूममध्ये आहे. पगार बरा, सुट्टी तीच गुरुवारची, ट्रॅफिकचं बोलू नका. काका मार्चमध्ये रिटायर होतील. अधूनमधून फोन करतात आणि तब्येतीऐवजी आधी विचारतात, "काय मोजतेस?"

राहिलं बुटांचं. सेफ्टी शूज कंपनी देते, पण माझ्या वेळी सर्वांत लहान नंबर सहाचा होता आणि माझा पाच. ऑर्डर टाकलीय, येतील, असं बारा महिने ऐकलं. वर्षभर दोन मोजे घालून चालले. शेवटच्या दिवशी क्लिअरन्सच्या फॉर्मवर बुटांचा रकाना निघाला, म्हणून ते सहा नंबरचे बूट पुसून स्टोअरला जमा केले. पुढची मुलगी जॉइन होणार असेल तर तिनं लोकरीचे जाड मोजे आणावेत, सुती लवकर फाटतात.